बिनमिठाचा राजवाडा

एकदा एका राजकन्येने राजवाड्यातले सगळे मीठ रांजणांसकट बाहेर काढायला लावले. वेड लागले नव्हते तिला. आईवर माया होती, एवढेच.

राजा वारला तेव्हा राणीने वर्षभर अळणी जेवायचे व्रत धरले. आई बिनमिठाचे जेवते आणि मी चवीने खाऊ, असे म्हणून लेकीनेही मीठ सोडले. आईची नजरसुद्धा त्यावर पडू नये म्हणून ते घराबाहेर घालवले. आईचे अंथरूण तीच घालायची, केस तीच विंचरायची, घास तीच भरवायची. लग्नाची बोलणी आली तशी परत पाठवली. लोक म्हणत, लेक असावी तर अशी. लोकांना म्हणायला काय जाते.

वर्षश्राद्ध झाले, पुढेही कितीतरी वर्षे गेली. ताटे अळणीच. चाकरमाणसे कनवटीला मीठ बांधून येत आणि भिंतीआड भाकरी खात. राणी मात्र दोन घासांवर आली. वैद्याने सांगितले, दुखणे काही सापडत नाही, पण अन्न पोटात गेले नाही तर या फार दिवस काढणार नाहीत. राजकन्या घाबरली. तिने रानातल्या एका वृद्ध साधूला बोलावणे धाडले. आणखी कोणते कडक व्रत धरू म्हणजे आई जेवेल, हे तिला विचारायचे होते.

साधू आला, सोबत त्याचा शिष्य. व्रताचे त्याने ऐकूनच घेतले नाही. भूक लागलीय, आधी वाढा म्हणाला. मायलेकी समोर जेवायला बसल्या. साधूने पहिला घास घेतला, तोंड वाकडे केले आणि मीठ मागितले. आचाऱ्याने मान खाली घातली. तसा म्हातारा उठला, तडक देवडीवर गेला, पहारेकऱ्याच्या कनवटीचे मीठ घेऊन आला, आणि स्वतःच्या ताटात न घालता चिमूटभर राणीच्या भातावर टाकले.

शिष्याने हातातला घास ताटात टाकला. विधवेचे व्रत मोडले, तेही राजाच्या घरात. राजकन्या ताडकन उठली.

"बाबा, हे काय केलंत?"

राणीने लेकीकडे पाहिले, भात कालवला आणि खाल्ला. कोणी भरवायची वाट न पाहता दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ताट निपटून झाल्यावर हळूच म्हणाली, "भात वाढ गं."

रडावे की आनंद मानावा, राजकन्येला कळेना. "आईसाहेब, तुमचं व्रत?"

"ते वर्षश्राद्धालाच संपलं, बाळ. पण तू सोडेनास. लेक माझ्यापायी अळणी गिळतेय, मी कुठल्या तोंडानं मीठ मागू?"

"मी तर मीठ तुमच्यासाठी सोडलं होतं."

"आणि मग मी तुझ्यासाठी."

शिष्याचा तर पुरताच गोंधळ उडाला. मुलीने आईसाठी सोडले ते पुण्य, आईने मुलीसाठी सोडले तेही पुण्य. मग दोन पुण्यांतून उपासमार निघाली कशी? त्याने दबकत विचारले की यात चुकले कोणाचे.

"चुका मोजायला आलास का जेवायला?" साधू खेकसला. मग राजकन्येकडे वळला. "पोरी, तू आईचं सगळं केलंस. तिला काय हवंय, हे एकदा तरी विचारलंस? देवाची मूर्ती असती तर चाललं असतं, मूर्तीला भूक नसते. ही जिती बाई आहे. तिच्यासाठी उपाशी राहणं सोपं, लोक वाहवा करतात. तिला विचारणं अवघड, कारण ती काहीही सांगेल."

"मग आता विचारू?"

"ते मला कशाला विचारतेस?"

राजकन्या आईजवळ बसली. इतकी वर्षे जिचे सगळे केले, तिच्याशी बोलायला शब्द सापडेना. "आईसाहेब, तुम्हाला काय हवंय?"

विचारायची सवयच कोणाला राहिली नव्हती.

"लोणचं," ती म्हणाली. "आणि उद्यापासून माझे केस मी विंचरीन. तू फार ओढतेस."

राजकन्येला हसू आले, आणि मनाला लागलेही. तिने साधूने आणलेले उरलेले मीठ बोटावर घेऊन चाटले. सवय मोडलेली, डोळ्यांत पाणी आले.

घरात म्हातारी आई असेल तर पाय नंतर चेपा. आधी काय हवंय ते विचारा, आणि उत्तर आले की तोंड वाकडे करू नका.