टण्णकन वाजलेला खडा

फार मागची गोष्ट. एका माळावर दर पाच वर्षांनी राजा निवडत. करवंदीच्या जाळीआड दोन माठ ठेवलेले असत, एक लांडग्याचा, एक काळविटाचा. जो हवा, त्याच्या माठात खडा टाकायचा. लांडग्याचा माठ त्याची टोळी पहाटेच भरून टाकी, त्यामुळं त्यात खडा पडला तरी आवाज होत नसे. काळविटाचा माठ मात्र रिकामा. मागच्या खेपेला त्यातून ‘टण्ण’ ऐकू आलं, आणि संध्याकाळी तो खडा टाकणाऱ्या चितूर पक्षिणीचं घरटं मोडलेलं दिसलं.

"आपली अंडी उघड्यावर आहेत," टिटवा म्हणाला. "सगळे टाकतात तिथंच टाक गं बाई."

"तिथं टाकूनही दोन अंडी गेलीच की लांडग्याच्या पोटात!" टिटवी म्हणाली खरी, पण रांगेत ती पुन्हा पुन्हा मागं वळून अंड्यांकडे पाहत होती.

जाळीआड चोचीतला खडा सुटता सुटेना. शेवटी डोळे मिटून तिनं तो काळविटाच्या माठात सोडला. टण्ण!

रांग जागीच थिजली. बाहेर बसलेला लांडगा हसला. "काय टिटवीबाई, उरलेली अंडी बरी आहेत ना?"

टिटवीला वाटलं, काय करून बसले मी!

मागं ससा होता. त्याचीही पिल्लं गेली होती. तो आत गेला. पुन्हा टण्ण! मग साळिंदर, मग मुंगूस, मग मागची सगळी रांग. माठ भरत गेला तसा आवाज बसत बसत गेला, शेवटी खडा पडलेला कळेनासा झाला.

लांडगा रांगेवर नजर फिरवत राहिला. आधी कुणाच्या घरी जावं, तेच त्याला ठरेना. टिटवी मात्र धावत जाऊन अंड्यांवर बसली, ती उजाडेपर्यंत हलली नाही.