जावईबापूंची अँटेना

करवंदवाडीत एक भोळा गृहस्थ राहायचा. नाव बाजीनाथ. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. गावाला सगळा ताप व्हायचा तो ह्याच गुणामुळे.

त्याची बायको कौसल्या पैलवानाच्या घरातली. तिच्या भावाची, सर्जेरावाची, दिल्लीतली मोठी कुस्ती रविवारी चार वाजता टीव्हीवर दाखवणार होते. माहेरी अजून वीज नव्हती, म्हणून तिचे वडील आबा लेकीकडे यायचे होते. पोराला लहानपणापासून तालमीत त्यांनीच घोळवलं होतं. आबांना ही कुस्ती डोळे भरून बघायला मिळावी, एवढाच कौसल्येचा हट्ट. त्यापायी टीव्ही आला.

दुकानदार म्हणाला होता, "अँटेना उंच बांधा. जेवढी उंच, तेवढं चित्र स्वच्छ."

बाजीनाथनं गाव न्याहाळलं. सगळ्यात उंच काय, तर टेकडीवरची चिंच. तो शेंड्यापर्यंत चढला, तिथं अँटेना बांधली आणि घरी येऊन टीव्ही लावला. काही दिसेना. दिसणार कसं? वायर चिंचेवर लोंबत होती आणि एक वानर तिला धरून झोके घेत होतं.

"अवो, ती वायर टीव्हीला जोडायची असती!" कौसल्या म्हणाली. "अँटेना टीव्हीच्या जवळ पायजे."

"मग आधी न्हाई का सांगायचं? आता ध्यानात ठेवतो."

ठेवलं. त्यानं अँटेना घरात आणली आणि टीव्हीला खेटून उभी केली. पडद्यावर नुसती खरखर.

"अवो, तिच्या डोक्यावर मोकळं आभाळ पायजे!"

"मग आधी न्हाई का सांगायचं?"

बाजीनाथ छपरावर चढला आणि अँटेनाच्या वरची दीडशे कौलं काढून खाली रचली. आभाळ अगदी मोकळं झालं. संध्याकाळी शेजारची मांजर त्या आभाळातून थेट दुधाच्या पातेल्यात उतरली.

"उघडं टाकलं की आसंच हुतंय!" कौसल्या कडाडली. "वस्तू कशी झाकून ठेवावी!"

दुसऱ्या दिवशी बाजीनाथनं कौलं परत बसवली आणि अँटेना छपरावर नेऊन बांधली. नवऱ्याला शाबासकी द्यायला कौसल्या कौतुकानं अंगणात आली. बघते तर अँटेनाच्या चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले आणि वर घोंगडं.

"मोकळी सोडा तिला!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

बाजीनाथनं पत्रे काढले, घोंगडं काढलं आणि दोरीच्या गाठीही सोडल्या. दुपारी वारा सुटला. अँटेना घरंगळत गेली ती शेजारच्या शेवंताकाकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांत.

शेवंताकाकूंनी आधी त्याचा उद्धार केला, मग अँटेना हातात दिली. "आरं बाबा, चित्र आलं की हाय तसं करकचून बांधायचं. मग कुणी काय बी म्हणू दे, सोडायचं न्हाई!"

"आधी न्हाई का सांगायचं, काकू?" बाजीनाथ म्हणाला. हे तर त्याला फारच पटलं.

रविवार उजाडला. आबा आले. नवा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. साडेतीनपासून बाजीनाथ छपरावर अँटेना फिरवत होता. खालून कौसल्या ओरडायची, "आलं... आलं... गेलं!" चार वाजायला पाच मिनिटं उरली. आबांच्या जिवाची नुसती घालमेल. पण जावयाला वाकडा शब्द बोलायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. शेवटी ते स्वतःच शिडीवरून वर चढले.

"जावईबापू, जरा माझ्याकडं देता?"

आबांनी अँटेनाचा खांब दोन्ही हातांनी धरला, थोडा डावीकडं वळवला. खालून कौसल्या किंचाळली, "आलं! लख्ख आलं! आता काय बी हलवू नगा!"

बाजीनाथनं दोरी उचलली. हाय तसं करकचून बांधायला सुरुवात केली.

"जावईबापू, माझा हात गुतला."

"हात न्हाई मामा, तुमी सगळंच गुतलाय. आता पडायची भीती न्हाई."

"जरा सोडता का?" आबांनी नम्रपणे विचारलं.

"कुणी काय बी म्हटलं तरी सोडायचं न्हाई, असं काकूंनी सांगितलंय," बाजीनाथ म्हणाला आणि शिडीवरून उतरून टीव्हीसमोर बसला.

काय ते चित्र! पैलवानाच्या पाठीवरचे घामाचे थेंब मोजून घ्यावेत. कुस्ती बघायला सगळं गाव लोटलं होतं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि आरडाओरड अशी की छपरावरची हाक कुणाला ऐकू येईना. सातव्या मिनिटाला सर्जेरावानं समोरच्याला आस्मान दाखवलं. कौसल्येच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आबा, बघा, दादानं मारली!" ती मागं वळली. "आबा? आबा कुठं हायत?"

"वर," बाजीनाथ म्हणाला. "त्यांच्यामुळंच तर चित्र आलंय."

कौसल्या धावत अंगणात गेली. छपरावर आबा खांबाला बांधलेले, फेटा सुटून गळ्यात. सगळ्या गावानं कुस्ती बघितली होती. एकट्या बापानंच नाही.

"अवो, सोडा त्यांना!" तिनं टाहो फोडला. "दादाची कुस्ती बघायला आलं हुतं ना वो ते!"

"ठावं हाय मला," बाजीनाथ शांतपणे म्हणाला. "साडेसातला परत दाखवणार हायत. आत्ता सोडलं तर चित्र जाईल. मग मामा बघणार काय?"

आणि साडेसातला आबांची सोय चुकू नये म्हणून तो वर जाऊन त्यांना आणखी दोन गाठी मारून आला.