चुका कोणी निस्तरायच्या?

नवशिक्या वैद्याचं निदान चुकलं आणि नरहरीचा थोरला भाऊ गेला. त्याच दुःखात नरहरीने वैद्यकी शिकायचं ठरवलं. नदीपलीकडे गोपाळवैद्य शिष्यांना पहिल्याच दिवशी रोग्याची नाडी धरायला लावत आणि चुकलं की तिथेच कान पिळत. नदीच्या अलीकडच्या काठावर त्र्यंबकशास्त्र्यांच्या पाठशाळेत नुसते ग्रंथ तोंडपाठ करून घेत.

नरहरी आधी पाठशाळेत चौकशीला गेला, तेव्हा शास्त्रीबुवा ऐटीत म्हणाले, "पोरा, पलीकडचे रोज चुकतात. इथे माझा एकही शिष्य रोग्यापुढे चुकलेला नाही!"

"रोग्याला हात कधी लावतात, बुवा?"

"शिक्षण संपवून आपापल्या गावी गेल्यावर."

"म्हणजे पलीकडच्या चुका गुरू निस्तरतो, आणि तुमच्याकडच्या गाव निस्तरतं!"

नरहरी तडक नावेत जाऊन बसला. मागोमाग शास्त्रीबुवांचे दोन शिष्यही धोतर सावरत धावत आले.