तुपाखाली झाकलेलं दही

घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक दहीवाली राहत होती. त्या काळी मीठ आणि धान्य वाहणारे बैलांचे तांडे घाट उतरून त्या गावातून जात, आणि प्रत्येक तांडा तिच्या दारापुढे थांबे. तिचं दही इतकं घट्ट की मडकं आडवं केलं तरी हलायचं नाही. नवरा चार वाड्या फिरून दूध गोळा करायचा, दोघी मुली पत्रावळी मांडायच्या आणि ती वाढायची. घर दिवसभर माणसांनी भरलेलं असे. अशी दहा वर्षं गेली.

मग राजाने पलीकडच्या डोंगरातून सोपा रस्ता काढला आणि तांडे तिकडून जाऊ लागले. मुलीही लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या. दहीवालीच्या दारात आता दुपारी एखादं कुत्रं येऊन झोपायचं, तेवढंच.

शेवटचा तांडा गेला त्या दिवशी तिने एक हंडी दही लावलं. ते लागल्यावर त्यावर दोन बोटं जाडीचं साजूक तूप ओतलं, तोंडाला फडकं बांधलं, वरून माती लिंपली आणि हंडी कोनाड्यात ठेवून दिली. लोणचं तेलाखाली टिकतं, मग दही तुपाखाली का टिकणार नाही, असा तिचा विचार. तिसऱ्या दिवशी दही आंबतं हे ज्या बाईने अर्ध्या गावाला शिकवलं, तिच्याच डोक्यात हे आलं. जीव एखाद्या गोष्टीत अडकला की शहाणी माणसंही असा वेडेपणा करतात, आणि वर तो कुणाला सांगत नाहीत.

नवऱ्याने विचारलं, "अगं, विरजणापुरतं तरी चमचाभर बाहेर ठेवलंस का?"

"कशाला?" ती म्हणाली. "आता घरात येणार एका म्हशीचं पाणचट दूध. त्यात माझं विरजण घालून नासवू?"

तेव्हापासून ती दुधात सुक्या मिरचीचे देठ टाकून दही लावू लागली. ते कधी लागे, कधी नुसतंच तार धरून बसे. नवरा मुकाट्याने भातावर घेऊन खायचा. ती मात्र रोज कोनाड्याकडे बघून म्हणायची, "काय दिवस होते हो ते!"

"तेव्हा तर तू रोज म्हणायचीस, ही वर्दळ कधी एकदा थांबते आणि मला पाठ टेकायला मिळते," नवरा हसून म्हणायचा.

"मी असं कधीच म्हटलं नाही," ती ठसक्यात सांगायची. आणि खरंच तिला ते आठवत नव्हतं.

पलीकडच्या घरात एक कुंभारीण राहायची. तांडे यायचे त्या काळात ती नवी नवरी होऊन आली, तेव्हा वाटी घेऊन या दहीवालीच्याच दारात आली होती. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही, ही त्या गावची रीत. दहीवालीने तिला चमचाभर दिलं आणि विसरून गेली. पुढे सणावाराला कुंभारीण दह्याची वाटी पाठवायची, पण दहीवाली ती न चाखताच परत करायची. "आम्ही कसलं दही खाल्लंय ते तुला ठाऊक नाही, बाई," असं वर ऐकवायची. कुंभारीण बिचारी पुढच्या सणाला पुन्हा वाटी पाठवायची.

अशी बारा वर्षं गेली. बाराव्या वर्षी नवरा तापाने आजारी पडला. वीस दिवसांनी ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज पुढे केली की मान फिरवायचा, खिचडीचा घास तसाच बाहेर यायचा. चार दिवस पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. गालांची हाडं वर आली.

वैद्यबुवा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं औषध संपलं. आता अन्न गेलं तर माणूस उठेल. काय खावंसं वाटतंय, ते विचारा."

तिने विचारलं. नवरा डोळे न उघडता पुटपुटला, "दहीभात. पण देठाचं दही नको गं. तुझं ते दही."

दहीवाली उठली ती थेट कोनाड्याकडे गेली. बारा वर्षं जपलं ते याच दिवसासाठी, असं तिला वाटलं. हंडी खाली घेतली, माती फोडली, फडकं सोडलं. तूप काळं-पिवळं झालं होतं. तिने उलथन्याने ते बाजूला केलं आणि जो वास आला, त्याने तिला ओकारी आली. खाली हिरवीकाळी बुरशी आणि कुजकं पाणी होतं. दही कुठेच नव्हतं.

ती जमिनीवर बसून राहिली. आधी ती त्या दहा वर्षांसाठी रडली. मग आतून नवऱ्याचा खोकला ऐकू आला आणि रडू जागच्या जागी थांबलं. ती वर्षं तर गेलेलीच होती. हा माणूस अजून होता.

काय करावं? देठांचं दही साखर घालून द्यावं आणि तेच हे म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं. पण तो एका घासात ओळखेल, आणि मग पुढचा घास घेणार नाही. दुसरी वाट एकच होती, कुणाच्या तरी दारी जाऊन विरजण मागणं. जिने सगळ्या गावाला विरजण दिलं, तिने आता वाटी घेऊन उभं राहायचं. शिवाय दिवेलागण झाली की गावात कुणी विरजण देत नसे, आणि ऊन तर भिंतीवरून खाली सरकायला लागलं होतं.

दहीवालीने पदर खोचला, वाटी उचलली आणि ती कुंभारणीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, दारात का उभ्या? आत या की," कुंभारीण म्हणाली. "काकांचं कसं आहे?"

"खात नाहीत काही. थोडं विरजण देतेस का, म्हणून आले." हे बोलताना तिची मान खाली होती.

"विरजण कशाला? ते लागेस्तोवर उद्या उजाडेल. सकाळचं लावलेलं दहीच घेऊन जा." कुंभारणीने छोटं मडकं आणून तिच्यापुढे ठेवलं. "चाखून बघा आधी. काकांना चालेल ना?"

दहीवालीने बोटभर चाखलं, आणि पुन्हा एकदा चाखलं. तीच गोडी, तोच घट्टपणा.

"हे कुठून आणलंस गं?"

"अहो, तुमचंच आहे. मी नवी होते तेव्हा चमचाभर दिलं होतंत ना? तेच रोज लावते. आजच्यातलं चमचाभर काढायचं नि उद्याच्या दुधात घालायचं. दूध माझ्या म्हशीचंच हो, साधंच."

सणाच्या किती वाट्या आपण परत पाठवल्या, ते दहीवालीला आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली. "मी फार वाईट वागले तुझ्याशी," ती म्हणाली.

"राहू द्या ते. आधी काकांना भरवा."

घरी येऊन तिने मऊ भात कालवला आणि घास नवऱ्याच्या ओठांशी नेला. त्याने तो तोंडात घेतला, घोळवला आणि गिळला. मग त्याने पुन्हा तोंड उघडलं. दुसरा घास गेला, तिसरा गेला, बघता बघता वाटी रिकामी झाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. बारा वर्षांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

नवऱ्याने डोळे उघडले. "हंडी फोडलीस वाटतं? त्या वेळचं आहे का हे?"

तिने जरा विचार केला, आणि खरं ते सांगितलं. "नाही हो. ते सगळं नासलं. हे आजचं आहे."

"बरं झालं बाई," तो म्हणाला. "त्या वेळचं असतं तर आज खाल्लं की संपलं असतं. आजचं आहे, म्हणजे उद्याही मिळेल."

ऐकणाऱ्यांसाठी तात्पर्य: सुखाचे दिवस झाकून ठेवले तर नासतात; त्यातलं चमचाभर आजच्या दुधात घातलं तर ते पुरतात.