शंकेची परडी

“सूनही तिकडचीच आणि कलमंही तिकडचीच. दोन्ही एकदमच परत धाडावी लागणार, असं दिसतंय.”

गोठ्यामागे कुडाच्या भिंतीपलीकडे सासू शेजारणीला हे सांगत होती. भिंतीच्या अलीकडे सून तांदूळ निवडत बसली होती. बोलणं तिच्या कानांसाठी नव्हतं, पण कुडाच्या भिंतीला एवढं कुठून कळणार.

“इतकं झालंय?” शेजारीण म्हणाली.

“तर काय. ही उंबरठा ओलांडून आली, दीड महिना भरला नाही तोच झाडं रडायला लागली. खोडाखोडातून डिंक गळतोय. आमच्या ह्यांनी ठरवलंय, अमावास्येच्या बैठकीत गाळाचा आणखी एक थर द्यायला सांगायचा. त्यानंही थांबलं नाही, तर कलमं उपटायची. मग ज्यानं असली कलमं दिली, त्याची मुलगी तरी कशाला ठेवून घ्यायची?”

सुनेच्या बोटांत आलेला खडा परत तांदळात पडला. अमावास्या पाच दिवसांवर होती.

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा राजे असत, पण ते लांब राहत. गावावर खरं राज्य चाले ते विहिरींचं आणि वडीलधाऱ्यांच्या शब्दाचं. अशाच एका गावात तीन पिढ्या केळीच्या बागा होत्या. सहा वर्षांपूर्वी गावाने मोसंबी लावायची ठरवली आणि चार दिवसांच्या वाटेवरच्या एका कलमवाल्याकडून गाड्या भरभरून कलमं आणली. कलम म्हणजे खाली रानलिंबाचं खोड आणि त्यावर बसवलेला मोसंबीचा डोळा. दोघं जिथे एकजीव होतात, तो जोड. कलमं चांगली लागली, जाण्यायेण्याची ओळख वाढली, आणि सहा वर्षांनी त्या कलमवाल्याची मुलगी याच गावात सून म्हणून आली.

सासरा साधासुधा नव्हता. गावच्या बागमंडळाचा तो मुख्य वक्ता. अमावास्येला बैलांना सुट्टी असे, म्हणून त्या दुपारी चिंचेच्या पारावर मंडळाची बैठक भरे. छाटणी कशी करावी, खत कधी घालावं, पाणी कधी तोडावं, हे सासरा सांगे आणि साठ घरं ऐकत. त्याने सांगितलेलं काम पुढच्या अमावास्येपर्यंत साठही बागांत झालेलं असे.

बोलणं संपलं की वेताची एक परडी फिरे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या बागेतलं एक पान तिच्यात टाकायचं आणि उभं राहून विचारायचं. पूर्वजांनी ती विचारण्यासाठीच ठेवली होती. पण हळूहळू लोक म्हणू लागले, परडी रिकामी परत आली म्हणजे बैठक उत्तम झाली. मग पान टाकणं हा वक्त्याचा अपमान ठरला. बारा वर्षं परडी रिकामी फिरत होती आणि मंडळाला त्याचा मोठा अभिमान होता. एका कोळ्याने तिच्यात जाळं विणलं होतं. तेही कुणी काढत नसे.

सून घरात आली आणि अकराव्या दिवशी अमावास्या आली. त्या दिवशी सासरा गाळावर बोलला. तळ्याचा गाळ नुकताच उपसला होता, काळा, मऊ, लोण्यासारखा.

“केळीला आपण माती चढवत होतो की नाही?” सासरा म्हणाला. “बुंध्याला जितकी माती, तितका घड मोठा. मोसंबीनंच काय पाप केलंय? हातभर गाळ चढवा खोडाला. उन्हाळा कळणारसुद्धा नाही झाडाला.”

लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या रांगेत, सगळ्यांत मागे बसलेल्या सुनेने मात्र डोलावली नाही. तिला बापाचा आवाज ऐकू आला. कलम बांधताना तो दर वेळी तेच म्हणे, “पोरी, जोडाला वारा लागला पाहिजे. जोड मातीत बुडाला, की झाड रडणार.”

परडी तिच्यापुढे आली तेव्हा तिच्या हातात एक पान होतं. वाटेत सहज तोडलेलं. तिने परडीकडे पाहिलं, पारावरच्या सासऱ्याकडे पाहिलं. तिच्या भाकरीलाच अजून घराची पसंती मिळायची होती, तिथे शंकेला कोण विचारतो. तिने पान दुमडून कनवटीला खोचलं. परडी पुढे गेली.

“पहिली टोपली नव्या सुनेच्या हातून पडू द्या,” सासरा कौतुकाने म्हणाला. “तिच्या बापाचीच झाडं आहेत.”

आणि तिने ती टोपली उचलली. बागेतल्या पहिल्या झाडाच्या खोडाशी ओतली. जोड तिच्या डोळ्यांदेखत काळ्या गाळाखाली गेला. बायकांनी तिला हळद-कुंकू लावलं.

पुढचं तुम्ही ऐकलंच. पंधरा दिवसांत पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, महिन्याच्या आत डिंक आला. सासरा म्हणाला, झाडं अशक्त झाली आहेत, पोट भरलं की थांबेल. गाव म्हणालं, पायगुण. काही लोक म्हणाले, कलमंच खोटी. सुनेला जेवण जाईना. सकाळी पाण्याला जाताना ती दुतर्फा झाडं बघत जाई आणि मनात मोजे, काल अकरा रडत होती, आज तेरा.

मग तिने भिडस्त माणसं करतात तेच केलं. चोरून खरं वागायला सुरुवात केली.

धुण्याच्या दगडापाशी एक झाड होतं. एके सकाळी ती खुरपं घेऊन त्याच्या बुंध्याचा गाळ काढू लागली. सासूने मागच्या दारातून पाहिलं.

“काय गं, काय चाललंय?”

“आत्याबाई, कोथिंबीर पेरायला माती हवी होती.”

दुसऱ्या दिवशीही कोथिंबीर. तिसऱ्या दिवशीही. झाडाचा जोड मोकळा झाला तोवर परसात कोथिंबिरीचे चार वाफे झाले होते. पुढे घरात वरणात कोथिंबीर, भाकरीत कोथिंबीर, ताकातसुद्धा कोथिंबीर. सासरा एकदा वाटीत बघत म्हणाला, “आपण जेवतोय की चरतोय?” सून खाली मान घालून वाढत राहिली. तिने जोडाजवळची कुजलेली साल बोथट सुरीने खरवडली आणि बाप लावी तसा चुना-मोरचुदाचा लेप लावला. दोन महिन्यांत त्या एका झाडाचा डिंक सुकला. शेंड्याला कोवळी पालवी फुटली. ते रोज कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडत होतं, पण नीट बघत कुणीच नव्हतं. धुण्याच्या दगडापाशी माणसं धुणं बघतात.

आता खात्री होती. तरी तिच्या तोंडून शब्द निघेना. आणि भिंतीपलीकडचं ते बोलणं कानी पडलं ते नेमकं याच दिवसांत.

त्या दुपारी तिने नवऱ्याला धुण्याच्या दगडापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. नवरा चांगला होता. त्याने पालवीला हात लावून पाहिला, जोड पाहिला, मग आजूबाजूला कुणी नाही ना तेही पाहिलं.

“तू म्हणतेस ते खरं असेल,” तो म्हणाला. “पण आबांना पारावर कोण सांगणार? एवढी अमावास्या जाऊ दे. मग सवडीनं घरात बोलू.”

“अमावास्या गेली की दुसरा थर पडेल. साठ घरांत.”

“मग तूच सांग, मी काय करू?”

हाच प्रश्न तिने स्वतःला चार महिने विचारला होता आणि तिलाही उत्तर आलं नव्हतं.

उरलेले दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. दूध दोनदा उतू गेलं. पाट्यावर वाटताना मिरची डोळ्यात गेली, तेवढं एक बरं झालं, कारण रडायला कारण मिळालं. बोलावं, तर भर पारावर सासऱ्याची बारा वर्षांची अब्रू जाणार, आणि अशा सुनेला कोण घरात ठेवणार. न बोलावं, तर झाडं जाणार, त्यांच्यामागून बापाचं नाव जाणार, आणि शेवटी तीही जाणारच. दोन्ही वाटा माहेरीच निघत होत्या. फरक एवढाच, की एका वाटेने झाडं मागे जिवंत राहत होती.

अमावास्येला पार भरला. पाराशेजारी गाळाच्या टोपल्या आधीच भरून ठेवल्या होत्या. सासरा बोलायला उभा राहिला. चार महिन्यांत तोही वाळला होता. त्याच्याही डोळ्यांना झोप नव्हती, हे सुनेने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं आहेत,” तो म्हणाला. “मला दुसरा उपाय सुचत नाही. अजून हातभर गाळ चढवू. देव बघेल.”

पुन्हा माना डोलल्या, पण जरा जड. “पहिली टोपली सूनबाईची,” सासरा म्हणाला.

“या वेळी दुसऱ्या कुणाचा हात लागू द्या,” सासू पदराआडून म्हणाली. बायकांत कुजबुज झाली. दोघी जणी खोकल्या.

“एकदा दिलेला मान मी काढून घेत नाही,” सासरा म्हणाला. “परडी फिरवा.”

परडी पुरुषांतून फिरली. लोक ती तापलेल्या तव्यासारखी पुढे सरकवत होते. ती बायकांत आली. शेवटी सुनेपुढे आली. तिने कनवटीतून दोन पानं काढली. एक पिवळ्या शिरांचं, एक हिरवंगार, कोवळं. दोन्ही परडीत टाकली. कोळ्याचं जाळं तुटलं. कोळी परडीच्या काठावर आला आणि बारा वर्षांनी घर सोडून निघून गेला.

परडी धरलेला म्हातारा तिथेच खिळला. रिकामी परडी कशी परत न्यायची हे त्याला ठाऊक होतं, भरलेली कशी न्यायची हे तो विसरून गेला होता.

“पानं कुणाची?” सासऱ्याने विचारलं.

सून उभी राहिली आणि बोलली. चारच वाक्यं बोलली. ती कोणती, ते शेवटी सांगू. आधी पुढे काय झालं ते ऐका.

सासरा पारावरून उतरला. तडक बागेकडे चालू लागला. त्याच्यामागे साठ घरं. त्याने पहिल्या झाडाचा गाळ हातांनी उकरला, जोडाजवळच्या सालीत नख घातलं. साल ओल्या कागदासारखी सुटली आणि आंबूस वास आला. मग तो धुण्याच्या दगडापाशी गेला. तिथल्या झाडाच्या जोडावरून त्याने अंगठा फिरवला. खणखणीत, कोरडा. मग उठून त्याने सुनेपुढे रिकामी टोपली धरली.

त्या दिवशी पाराशेजारच्या टोपल्या तळ्याकाठी नेऊन ओतल्या. आठ दिवस गाव बुंधे मोकळे करत होतं, साली खरवडत होतं, लेप लावत होतं. सगळी झाडं वाचली नाहीत. सासऱ्याच्या बागेतली विहिरीकडची अख्खी रांग गेली. त्या रांगेच्या रिकाम्या जागा सून पुढे कितीतरी वर्षं जाता-येता मोजत असे. त्या गाळाखाली तिच्या गप्प बसण्याचे चार महिने होते. बाकीची झाडं पुढच्या बहाराला सावरली.

कुणालाही माहेरी धाडलं नाही. सासू एवढंच म्हणाली, “माती हवी तर सरळ माग हो. कोथिंबीर पुरे आता.”

आणि मंडळाने नवा नियम केला. वक्त्याचं बोलणं संपून परडी रिकामी परत आली, तर बैठक झाली असं मानायचं नाही. वक्त्याने पहिल्यापासून पुन्हा बोलायचं. हा नियम सासऱ्यानेच घातला, आणि पहिल्यांदा त्याच्यावरच दोनदा बोलायची पाळी आली.

आता त्या दिवशी सून उभी राहून काय म्हणाली, ते. पदर सावरून, जमिनीकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, “मामंजी, पिवळं पान गाळात बुडालेल्या झाडाचं आहे आणि हिरवं मी मोकळ्या केलेल्या झाडाचं. जोड बुडाला की झाड रडतं, हे मला पहिली टोपली ओततानाच ठाऊक होतं. तुमची चूक न कळून झाली, माझी कळून झाली. म्हणून गाळाची पहिली टोपली काढायचा मानही मलाच द्या.”

ठाऊक असूनही जो गप्प बसतो, त्याचा हात चुकीच्या टोपलीला सगळ्यांच्या आधी लागलेला असतो.