गोजरा आणि चपट्या शेपटीची म्हातारी

एकदा काय झालं, एका राजाला केसाळ अंगरख्यांची हौस लागली. त्याच्या मुलखात एक ओढा होता. ओढ्यात चपट्या शेपटीची जनावरं राहायची. दातांनी झाडं पाडायची, फांद्या नि चिखल रचून पाणी अडवायची. म्हणून काठचं कुरण भर उन्हाळ्यातही हिरवं असायचं, बरं का! राजानं ती सगळी जनावरं मारली आणि कातडी सोलून नेली.

मग काय, त्यांचे बांध कुजले. ओढा मोकाट सुटला. पाऊस पडला की नुसता धावायचा, तळ खरवडायचा. खोल घळ पडली. कुरणातला ओलावा त्या घळीत उतरून वाहून गेला. गवत वाळलं. गुरं मेली.

तिथं गोजरा नावाची गवळण होती. तिचा नवरा सुभान पाणी आणायला घळीत उतरला, तर दरड कोसळली. तो तिथंच गाडला गेला.

गोजरानं ओढ्यावर मातीचा बांध घातला. पुरानं तो नेला. मग दगडांची उंच भिंत रचली. पाणी तिला वळसा घालून गेलं आणि गोजराची झोपडी घेऊन गेलं. गावकरी निघाले. म्हणाले, "चल गं, इथं मरशील."

"माझा माणूस इथं आहे," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

मग एके सकाळी काठच्या बिळातून एक म्हातारं जनावर बाहेर आलं. मादी होती. फासातून निसटताना एक पाय तुटलेला. ती चक्क बोलली, "मार मला. माझी पिल्लं नेली, मी तरी कशाला राहू?"

"माझंही कुणी उरलं नाही," गोजरा म्हणाली आणि तिच्याजवळ बसली.

मग म्हातारी म्हणाली, "तू भिंत घालतेस, म्हणून पाणी चिडतं. खुंट रोव, त्यांत फांद्या गुंफ. थोडं झिरपू दे. असे पुष्कळ बांध घाल. मोडला, पुन्हा घाल."

दोघी कामाला लागल्या. पूर आला. काही बांध मोडले, बाकीच्यांमागे गाळ बसला. पण कुरतडलेले बुंधे राजाच्या शिपायांनी पाहिले. ते म्हातारीला धरायला आले, तशी गोजरा आडवी आली. "मला मारा, तिला सोडा!" त्यांनी तिला ढकललं, म्हातारीला मारलं आणि कातडी घेऊन गेले.

उरलेला देह गोजरानं घळीच्या काठी पुरला. मग कोयता घेतला आणि एकटीच खुंट रोवू लागली. वर्षानुवर्षं. पाठीला बाक आला. पण गाळ साचत गेला, तळ वर आला आणि एका पावसाळ्यात पाणी काठावरून हळूच कुरणात पसरलं.

गवत उगवलं. माणसं परतली. गोजरा म्हणाली, "आधी फांद्या आणा, मग पाणी प्या." त्यांनी आणल्या.

चपट्या शेपटीची जनावरं मात्र पुन्हा कुणाला दिसली नाहीत. त्यांचं काम आता माणसंच दरसाल करू लागली. गुरांना चारा मिळाला, लेकरांना दूध मिळालं, सगळी सुखानं नांदली. गोष्ट निजली, आता तुम्हीही निजा.