कारखानीसांचं वर्णन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीनं कामं वाटायला एआय एजंट ठेवला. संगणकातलं कुठलं साधन कशासाठी वापरायचं, हे त्याला समजावणारी वर्णनं वसंतराव कारखानीसांनी लिहिली होती. त्यातलं एक होतं, ‘तक्रारींचे सर्वांगीण व्यवस्थापन करणारी प्रगत सुविधा’. ते वाचून एजंटनं लिफ्ट अडकलेल्या असतानाच तक्रारी बंद करून टाकल्या.

नव्यानं लागलेल्या शर्वरीनं तिथं लिहिलं, ‘तक्रार बंद करतं. लिफ्ट चालू झाल्यावरच वापरा. मेकॅनिक पोचला नसेल तर वापरू नका.’ घोळ थांबला. मालकीणबाईंनी भर बैठकीत तिची पाठ थोपटली आणि कारखानीसांच्या पोटात दुखायला लागलं.

“असलं कुणीही लिहील,” ते म्हणाले. “माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. बसवून दाखव तीन वाक्यांत.”

शर्वरीनं फळ्यावर लिहिलं, ‘कारखानीस सर: अवघड कामं सोडवतात. काम अडलं असेल तर बोलवा. दुसऱ्यानं ते आधीच सोडवलं असेल तर बोलवू नका.’

कारखानीसांनी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. नावं ठेवायला एखादा मोघम शब्द तरी सापडेल, म्हणून शोधलं. पण सगळं अगदी लख्ख कळत होतं.